ढोलाशेजारची रिकामी जागा

मित्रांनो, मी शाळेच्या बँडमधला एक जुना, मोठा ढोल आहे. माझ्या पोटाचा घेर पाहून हसू नका. त्या घेरामुळेच माझा आवाज फाटकाबाहेर ऐकू जायचा आणि उशिरा येणारी पोरं पळत सुटायची.

मला घडवणारा कारागीर भारी चिकाटीचा. लाकडाची पट्टी वाकवून त्याने माझं अंग केलं, दोन्ही तोंडांवर कातडं ताणलं, कान लावून ऐकलं आणि मान हलवून पुन्हा सगळं सैल केलं. आवाज त्याला पटेपर्यंत माझी सुटका नव्हती.

शाळेत मला बँडचे सर भेटले. त्यांची एक पद्धत होती. मोठ्या वर्गातल्या वाजवणाऱ्याशेजारी ते लहान वर्गातलं एक मूल उभं करायचे. त्याने आधी नुसती पावलं टाकायची, मग मांडीवर ठेका धरायचा आणि सराव संपता संपता टिपरू त्याच्या हातात यायचं. मग जो काही गोंधळ व्हायचा, विचारू नका. समोरच्या वर्गातल्या गणिताच्या बाई खिडकी लावून घ्यायच्या. पण मोठी मुलं शाळा सोडून गेली, तरी बँड कधी अडला नाही.

मग शाळांच्या बँडस्पर्धेची हवा आली. मुख्याध्यापिका सरांना म्हणाल्या, "सर, यंदा ढाल आपल्याकडे आलीच पाहिजे. ही लिंबूटिंबू मंडळी जरा बाजूला ठेवा."

सर घुटमळले. "मॅडम, त्यांचं शिकायचं राहील."

"पुढच्या वर्षी शिकतील की. पळून जातायत का कुठे?"

ढाल आली. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो होतो. मग ती राखायची म्हणून पुढच्या वर्षीही तीच मुलं, आणि त्याच्या पुढच्याही.

एक मुलगी तेवढी रोज सरावाला यायची. तिच्या ताईने पूर्वी मला वाजवलं होतं. ही मात्र माझा पट्टा पुसायची आणि दुसऱ्यांच्या टोप्या सांभाळायची. "सर, मी कधी?" असं तिने विचारलं, की सर नजर चुकवायचे.

ढालवाली मुलं एकदमच शाळेतून बाहेर पडली. तेव्हा सरांनी तिला बोलावून माझा पट्टा तिच्या खांद्यावर चढवला. तिने जीव लावून वाजवलं, पण पाऊल एकीकडे आणि हात भलतीकडे. सर दाखवायला आले, तर तिकडे बिगूलवाले अडले. सगळीच नवखी, आणि शिकवणारे सर एकटे. त्यात त्यांची निवृत्ती तोंडावर आलेली.

काही दिवसांनी ती हळूच म्हणाली, "सर, माझं शाळेतलं शेवटचं वर्ष आहे. आई म्हणते, आता अभ्यास कर."

"बरोबर आहे, बाळा," सर म्हणाले. तिच्या खांद्यावरचा पट्टा काढायला त्यांनी हात घातला, पण बराच वेळ त्यांना बक्कल सुटेना.

सर निवृत्त झाले आणि बँड बंद पडला. आता मी आणि ती ढाल एकाच कपाटात असतो. पाहुणे येणार असले, की शिपाईमामा आमच्यावरून फडकं फिरवतात. पाहुणे ढालीचं कौतुक करतात. मला त्या मुलीचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, वाद्यांची धूळ झटकता, पट्टे बदलता, तुमचे उपकार आहेत. पण तुम्हाला काही वाजवता येत असेल, तर आजच कोणाला तरी शेजारी उभं करा. त्याचा ठेका चुकेल, तुमचे कान किटतील, एखादी स्पर्धाही हातची जाईल. जाऊ द्या. टिपरू त्याच्या हातात द्या आणि थोडं बाजूला होऊन ऐका.