गाडीचं ॲव्हरेज आणि सरजाआक्का

पेडगावच्या मारुतीसमोर त्या मंगळवारी एवढी गर्दी होती की मला वाटलं, कुणी पुढारी आलाय. पुढारी नव्हता. दत्तरावांची पांढरी गाडी उभी होती, बोनेटवर सात लिंबं मांडली होती आणि भुजंग महाराज उघड्या दारातून आतल्या स्क्रीनकडे बोट दाखवत होते.

"वाचा दत्तराव. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

"एकवीस," दत्तराव म्हणाले.

लोकांनी हात जोडले. मी या गावात बावीस वर्षं विज्ञान शिकवते. हात जोडणाऱ्यांत माझे निम्मे जुने विद्यार्थी होते, त्यामुळे आधी राग आला तो माझा मलाच.

प्रकरण साधं होतं. दत्तरावांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दिवाळीला त्यांनी हायब्रीड गाडी घेतली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. लिटरला पंचवीसचं ॲव्हरेज. ते त्यांनी गावात एकूणएक माणसाला ऐकवलं होतं. एप्रिलमध्ये मात्र आकडा घसरला आणि बघता बघता पंधरावर आला. मग कुणीतरी भुजंग महाराजांचं नाव सुचवलं. पिंगळीकडच्या या गृहस्थांनी आजवर बोअर, ट्रॅक्टर आणि पिठाच्या गिरण्यांचे दोष काढले होते. आता हायब्रीडचेही काढू लागले होते.

"पेट्रोल म्हंजे अग्नी आन् बॅटरी म्हंजे वीज," महाराज गर्दीला समजावत होते. "दोन देवतांचा संसार हाय ह्यो. त्यात विधवेची सावली पडली, म्हनून दोघं भांडायलेत."

विधवा म्हणजे सरजाआक्का. दत्तरावांची थोरली बहीण. आई गेल्यावर दत्तरावांना त्यांनीच वाढवलं. आक्कांच्या किडन्या निकामी झाल्यात. एप्रिलपासून बुधवारी आणि शनिवारी डायलिसिससाठी त्या या गाडीतून परभणीला जायच्या. महाराजांनी आक्कांचं गाडीत बसणं बंद केलं होतं आणि मागच्या सीटवर अंथरलेली त्यांची गोधडी स्वतःच्या हातानं बाहेर काढली होती. आठ दिवसांत पंधराचे एकवीस झाले. त्या आठ दिवसांत आक्का एसटीत उभ्यानं जात-येत होत्या.

"चार अजून अडकलेत," महाराज म्हणाले. "बाई घरात हाय तवर ते सुटायचे न्हाईत. शनवारी अमावस्या हाय. त्याच्या आत तिला माझ्या वळखीच्या मठात धाडा."

त्या मठाजवळ दवाखाना नव्हता. आक्कांचं डायलिसिस थांबलं तर काय होईल, हे गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी हात जोडलेलेच होते. आक्का पारापाशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

गर्दी पांगल्यावर मी दत्तरावांना गाठलं.

"आक्का आणि गोधडी तुम्ही एकाच दिवशी गाडीतून काढलीत. मग फरक कशामुळं पडला, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मॅडम, आकडा खोटा बोलंल का?"

"आकडा खरा आहे. पण त्याला आक्कांचं नाव कुणी सांगितलं?"

दत्तरावांनी मला खरं कारण शोधायला शनिवारपर्यंतचा वेळ दिला, तोही माझ्या वयाकडे बघून.

माझा जुना विद्यार्थी धम्मदीप परभणीत गाड्यांचं गॅरेज चालवतो. तो संध्याकाळी आला. त्यानं मागची सीट चाचपली आणि बाजूची एक छोटी जाळी उघडली. आतल्या फिल्टरवर बोटभर जाड थर होता, जुन्या लुगड्यांच्या सुताचा आणि धुळीचा.

"मॅडम, बॅटरी इथून हवा ओढती," तो म्हणाला. "गोधडी ह्या जाळीवर पडायली व्हती. हवा बंद झाली का बॅटरी तापती. तापली का गाडी तिला जपती आन् समदं काम इंजिनावर टाकती. मग पेट्रोल लय जातं. गोधडी काढली तवा थोडी हवा लागली, म्हनून एकवीस. फिल्टर तुंबलेला व्हता, म्हनून पंचवीस न्हाई."

त्यानं फिल्टर साफ करून बसवला. एवढ्यावर दत्तरावांची खात्री पटणार नाही, हे मला माहीत होतं. मी तीन दिवसांची परीक्षा ठरवली. रोज दुपारी पेडगावहून गंगाखेड आणि परत. तोच रस्ता, तोच वेग, तोच एसी आणि निघताना स्क्रीन शून्यावर. गाडी दत्तरावच चालवणार.

बुधवारी गोधडी जाळीवर अंथरली, आक्का गाडीत नव्हत्या. ॲव्हरेज सोळा. गुरुवारी गोधडीही नाही, आक्काही नाहीत. पंचवीस. शुक्रवारी गोधडी घरी आणि आक्का मागच्या सीटवर. परत आल्यावर दत्तरावांनी स्क्रीन वाचला.

"पंचवीस," ते हळूच म्हणाले.

मला मात्र एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. एवढ्या गाडीतून महाराजांनी नेमकी गोधडीच का उचलली? धम्मदीपला त्यांचं नाव सांगितलं तर तो हसला. भुजंग पूर्वी टुरिस्ट गाड्यांवर ड्रायव्हर होता. हायब्रीडसुद्धा त्यानं चालवलेली होती.

शनिवारी सकाळी महाराज आले, तेही अगदी तसल्याच गाडीतून. लोक जमले. ते लिंबं मांडत असताना मी त्यांच्या गाडीचं मागचं दार उघडलं. सीट स्वच्छ होती आणि जाळीच्या वर चिठ्ठी चिकटवलेली होती. मी ती सगळ्यांना वाचून दाखवली: 'इथं सामान ठेवू नये. बॅटरीची हवा बंद होते.'

"ती भक्तांसाठी हाय," महाराज म्हणाले.

"मग दत्तराव तुमचे भक्त नव्हते का? त्यांना हे का सांगितलं नाही?"

महाराजांनी लिंबं पिशवीत भरली. अमावस्येला जास्त थांबू नये म्हणाले आणि गाडी काढली. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. काहींनी तरीही जाणाऱ्या गाडीला नमस्कार केला, तेही सांगायला हवं.

दत्तरावांनी आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं. "चल आक्का, दवाखान्याची येळ झाली."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. "दत्ता, गाडी साफ केल्यावर आकडा आला, बरं झालं. नसता आला तर मला मठात धाडलं असतंस का?"

दत्तराव सीटवरची धूळ झटकू लागले. आक्का दाराला धरून सावकाश आत बसल्या, कारण डायलिसिस चुकवून चालणार नव्हतं.

वर्गात मी आता ही गोष्ट सांगते. काही बिघडलं तर आधी काय बदललं ते शोधा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, असं मुलांना बजावते. पण ते पुरेसं नाही, हे मला त्या शनिवारी कळलं. पंचवीस आले म्हणून आक्का सुटल्या. पंधराच राहिले असते, तरी त्यांचा काही दोष नव्हता. एवढं कळायला गाडी उघडून बघायची गरज नव्हती.