तळाशी उरलेला अळिवाचा लाडू

मी अळिवाचा लाडू बोलतोय. जरा घाईत बोलतोय, कारण आमच्यात कोणाला म्हातारपण येत नाही.

पेशवाईतल्या पुण्यात, शनिवार पेठेत, दिगंबरपंतांच्या घरी माझा जन्म झाला. त्यांची सून सुहासिनी बाळंत झाली होती. अंगात त्राण नाही, दूध पुरेना, बाळ सारखं रडे. वैद्य म्हणाले, "अळीव द्या." सासूबाईंनी, म्हणजे मंदाकिनीबाईंनी, नारळाच्या पाण्यात अळीव भिजवले, खोबरं-गूळ घालून शिजवले आणि आम्हाला वळून पितळी डब्यात ठेवलं. एका आईला उभं करायचं होतं. केवढा अभिमान वाटला मला!

पंत सोवळ्याचे कडक. बाळंतिणीच्या खोलीकडचा वारा लागला तरी स्नान करीत. तिचा हात लागलेलं घरात कोणाला चालत नसे. म्हणून डबा माजघरातच राहील, असं त्यांनी ठरवलं.

मग आमचं गुणगान सुरू झालं. अळिवाने रक्त वाढतं, हाडं बळकट होतात, असं सांगत पंत डबा उघडत. "बाळंतिणीच्या पोटात काय जातं, हे घरच्या कर्त्याने पाहायला नको?" त्यांचं पाहणं जिभेनेच होई. चिरंजीव यज्ञेश्वर गूळ तपासत. काल तपासलेला गूळ आज बदलला असेल, अशी त्यांना शंका. सासूबाईंनी सुनेसाठी बाजूला काढलेला लाडूही तपासणीतच जाई. बापलेकांच्या गालांवर तुकतुकी आली. सुहासिनी पेज पीत राहिली. मला डब्यात बसून लाज वाटे.

शेवटी मी एकटा उरलो. त्या सकाळी बाळ रडून रडून थकलं होतं. पंतांनी झाकण काढलं, तोच भिंतीला धरत सुहासिनी माजघरात आली आणि तिने सरळ डब्यात हात घातला.

"शिवले हो मी, मामंजी," ती म्हणाली.

पंतांचा हात तसाच अधांतरी राहिला. "शास्त्रात याला काही तोड असेलच," ते पुटपुटले.

"आहे ना," मंदाकिनीबाई चुलीपासून म्हणाल्या. "आपण बाळंत व्हा."

आता मी सुहासिनीच्या हातात आहे. पुढचे लाडू सासूबाई तिच्याच खोलीत बसून वळणार आहेत. बाई, मला पुरता खा, चूरही ठेवू नकोस. मांडीवर बाळ वाट पाहतंय, आणि उंबऱ्याबाहेर पंत अजून पोथी चाळताहेत.