बारा पाजत्या माद्या

उंदरांच्या खोलीत काम करणाऱ्या बाईला सगळी संस्था उंदीरताई म्हणे. तिला घरी चार महिन्यांची मुलगी आहे, हे मात्र कुणाच्या फारसं लक्षात नसे. मोठ्या सरांच्या तर नाहीच. आणि मोठे सर अभ्यास कशाचा करत, तर पाजत्या आईच्या खाण्याचा.

बारा पाजत्या माद्या होत्या. सहा जणींना साधं खाद्य, सहा जणींना चरबीचं. पुढे पिलं मोठी झाली की कुणाची साखर वाढते, कुणाचं यकृत बिघडतं, ते बघायचं. उंदीर अंधारात खातात, म्हणून खोलीत दिवसाची रात्र केलेली. बाहेर टळटळीत दुपार, आत काळोख आणि कोपऱ्यात एक मिणमिणता तांबडा दिवा. त्या उजेडात उंदीरताई प्रत्येकीचं खाद्य काट्यावर तोलून घाली, उरलेलं तोलून काढी आणि सगळं वहीत लिही. संध्याकाळी सर वहीवर सही करत. ही सही ते उभ्याउभ्या, फोनवर बोलता बोलता ठोकत.

एखाद्या मादीनं दोन ग्रॅम कमी खाल्लं की सरांचा जीव वरखाली होई. उंदीरताईचा डबा साडेतीनपर्यंत पिशवीत पडून असे, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. तोवर ती दोन बिस्किटांवर काढायची.

एका सोमवारी दवाखान्यात मुलीला काट्यावर ठेवलं, तर महिनाभरात काटा जेमतेम हललेला.

"दुपारी काय खाता?" सिस्टरनी विचारलं.

"बिस्किटं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"बाई, बसून जेवत जा. दुपारी एकदा दूध काढून ठेवा, नाहीतर आटत जाईल. दोन आठवड्यांनी परत आणा. तेव्हाही असंच असेल तर वरचं दूध सुरू करू."

उंदीरताईला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. ती तडक सरांकडे गेली.

"सर, दुपारी एक तास हवा होता. जेवायला, आणि लेकीसाठी दूध काढून ठेवायला."

"बारा ते एक? ताई, ती माद्यांची खायची वेळ. तुम्ही जागेवर नको?"

"मग एकनंतर."

"एकनंतर पिलांची वजनं. मग पिंजरे." सर समजुतीनं हसले. "पाजत्या आईच्या खाण्यात हयगय म्हणजे पुढच्या पिढीचं नुकसान. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"नको, सर. मला कळलंय ते."

आदल्याच शनिवारी सरांनी दोनशे बायकांपुढे भाषण ठोकलं होतं, की आईनं ताटावर निवांत बसावं, घाई करू नये. टाळ्याही पडल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आठवडा उलटला आणि पिलांची वजनं सरांच्या टेबलावर गेली. बाराही माद्यांची पिलं सारखीच रोडकी. साध्या खाद्याची तशी, चरबीच्या खाद्याचीही तशी. फरकच नाही म्हटल्यावर प्रयोग झोपला. सरांनी उंदीरताईला बोलावलं.

"खाद्य नीट तोलत नव्हता तुम्ही. दुसरं काय कारण असणार? मला तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल."

वही तिनं सोबतच आणली होती. पान उघडून तिनं ती सरांपुढे सरकवली. सरांनी वाचलं. 'दुपारी सव्वाबारा. सर पाहुण्यांना घेऊन आले. फोटोसाठी मोठा दिवा लावला. माद्या खायच्या थांबल्या.' पुढच्या पानावर तेच, फक्त पाहुणे वेगळे. एकूण चौदा पानं.

"हे मला आधी नाही का सांगायचं?"

"रोज सांगत होते, सर. खाली तुमची सही आहे."

सरांना नव्या बारा माद्या घेऊन प्रयोग पहिल्यापासून मांडावा लागला. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या दारावर त्यांच्याच अक्षरात कागद लागला: 'पाजत्या माद्या खात आहेत. दुपारी बारा ते एक कोणीही दार उघडू नये. कोणीही.' खाली सही. खाद्य आता पावणेबारालाच घालायचं ठरलं.

खाद्य घालून उंदीरताई बाहेर पडायला निघाली. उंदरांची खोली आणि बाहेरचं दार यांच्यामध्ये हात धुवायची चिंचोळी खोली होती. तिथे एक स्टूल. ती थबकली. तासभर या दाराआड कुणी येणार नव्हतं, आणि इथे कुणी तिला हाकही मारणार नव्हतं. तिनं आतून दार नुसतं लोटून घेतलं, हात स्वच्छ धुतले, दूध काढून ठेवलं आणि डबा उघडला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा अन्न तोंडात गरम लागलं.

चौथ्या दिवशी सरांना राहवलं नाही. एका बड्या पाहुण्याला घेऊन त्यांनी दार ढकललंच. स्टुलावर उंदीरताई, मांडीवर डबा.

"तुम्ही इथे काय करताय?"

"माद्यांपाशी थांबलेय, सर." तोंडातला घास तिनं सावकाश गिळला. "दार लावा. त्या खायच्या थांबतील."

सर काही बोलणार, तेवढ्यात पाहुण्यांनी दारावरचा कागद वाचला. "वा, आईच्या जेवणाची किती काळजी घेता हो तुम्ही," ते म्हणाले. सर फुशारले. त्यांनी स्वतःच्या हातांनी दार अलगद ओढून घेतलं.

ठरल्या सोमवारी दवाखान्यातला काटा चांगला सरकला. वरच्या दुधाचं सिस्टरनी नावही काढलं नाही.

त्या दिवशी उंदीरताईनं वहीत लिहिलं: 'बारा ते एक दार बंद. तेरा जणी पोटभर जेवल्या.' संध्याकाळी सर आले, आणि फोनवर बोलता बोलता त्यांनी खाली सही केली.