मनीमाजऱ्यातला रातांबा

रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड फसवं. सात-आठ वर्षं होईस्तोवर नर का मादी, ते सांगत नाही. पान तेच, गुळगुळीत, चावलं की आंबट. फांद्या तशाच खाली लोंबतात. कोवळी पालवी तांबडी, साल खरवडली की पिवळा चीक. सगळं सारखं. पहिलं फूल आलं की मग खरं काय ते कळतं. नराला फुलांचे झुबके, मध्ये पिवळा गोळा. मादीचं फूल एकेकटं आणि त्याच्या पोटात हिरवा मणी. तो मणी फुगला की झालं फळ. आमच्या राजापूरकडं नर निघाला की कुऱ्हाड. एखादा ठेवायचा, बाकीचे चुलीत.

हे सगळं मी चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्यात बलकार सिंगाला शिकवलं. फौजेत तो ट्रक चालवायचा, मी लंगरात भात शिजवायचो. पेन्शनीत निघालो तर म्हणाला, "ओ मराठे, इधर ही आ जा. बुढापे में कोई हँसानेवाला चाहिए." आलो. त्याच्या पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या.

माझी बायको शशिकला सोलकढी करायची, तर हा तांब्यानं प्यायचा. गावची आमसुलं संपली की तोंड पाडून बसायचा. म्हणून एका मे महिन्यात ओल्या बिया फडक्यात गुंडाळून आणल्या. दोन रोपं जगली. एक त्याच्या अंगणात, एक माझ्या दारात, दोन्ही डांबराच्या रिकाम्या ड्रमांत. दमट रानातलं झाड ते, इथल्या थंडीत टिकणार कसं? मग ड्रमाला रजई, बाजूला शेगडी. गल्ली हसायची. "सरदारजी, पौधे को स्वेटर भी बुन दो!"

"एक फल आने दे," बलकार म्हणायचा. "फिर तुम सबका मुँह खट्टा करूँगा."

तेवढंच हवं होतं त्याला. एक फळ, स्वतःच्या अंगणातलं.

दिवस वाईट होते. पंजाबात अतिरेकी बशीतून माणसं उतरवून मारत होते, इकडं पोलीस पोरं उचलत होते. बाजाराच्या तोंडाशी वाळूची पोती रचलेली. झाडाला त्याचं काय? आठव्या साली थंडी सरता सरता दोन्ही फुलली. माझा नर निघाला, त्याची मादी.

"अब?" बलकार म्हणाला.

"अब शादी, भाईसाब," शशिकला म्हणाली. "आमचा मुलगा तुमच्याकडे येणार." आणि तिनं खरंच नराला मुंडावळ्या बांधल्या.

वारा झोंबत होता. फुलं गळतील म्हणून झाड वरपासून खालपर्यंत रजईत गुंडाळलं, दोरीनं आवळलं, ड्रमासकट रेहडीवर, म्हणजे हातगाडीवर, आडवं घातलं. बलकार पुढून ओढतोय, मी मागून ढकलतोय, भर दुपारी, भर बाजारातून. दोन म्हातारे फौजी, पण लोकांना रजईत काय दिसत असेल ते डोक्यात आलं नाही. आम्हाला नवरदेव दिसत होता.

बलकारच्या बायकोनं, सुरजीतनं, त्यांच्या रीतीनं नवरदेवाच्या स्वागताला दाराच्या दोन्ही अंगांना मोहरीचं तेल ओतलं. म्हणाली, "लडकेवाले हो, थोडी अकड तो दिखाओ!"

"अकड आहे की! सगळी त्याच्या मुळात," मी म्हटलं.

थोड्या दिवसांत दोन मणी फुगले. वाटाण्याएवढे झाले. बलकार चष्मा लावून बघायचा, बोट लावायचा नाही.

मग एका सकाळी पोलीस आले. रेहडीवरून काय आणलं? कुठं पुरलं? बलकार झाड दाखवतोय, ते पहारीनं ड्रम खणतायत. रातांब्याचं सोटमूळ सरळ खाली जातं. ते तुटलं की झाड गेलं. नराचा अर्धाच खणून सोडला, पण मादीचा ड्रम उलटा केला तेव्हा ते मोडल्याचं मी ऐकलं. मातीशिवाय काही निघालं नाही. तरी बलकारला जीपमध्ये घातला.

मी आडवा गेलो. "साहब, मैं भी था! पीछे से मैंने धकेला."

"आप जाइए, फौजी साहब."

"अरे, रेहडीवाला ड्रम तो मेरा है!"

"घर जाइए. चाय पीजिए."

रेहडी दोघांनी नेली होती. जीपमध्ये एकच बसला.

चौकीच्या दारात बसून बसून घरी आलो, तर नंदकुमार आला. चौतीस सेक्टरातल्या एका ऑफिसातला कारकून, आमच्या गणपतीत पुढं उभा राहून आरती म्हणणारा. बसला, हळूच म्हणाला, "गुरुनाथराव, काळजी नको. तुमचं नाव मी घेतलंच नाही. म्हटलं, रेहडी सरदाराची, घर सरदाराचं. तुम्ही आपले."

शशिकला चहा घेऊन येत होती, ती तिथंच थांबली. "म्हणजे, तुम्ही सांगितलंत?"

"वहिनी, जमाना कसला आहे! संशय आला तर सांगायला नको?"

"आम्हाला विचारायचंत. मोदक खायला बरं घर सापडतं?"

तिनं चहा त्याच्यासमोर मोरीत ओतला. तो गेला.

बलकार सुटून आला तेव्हा डावा हात वर जात नव्हता. पगडी सुरजीत बांधून द्यायची. मी पुन्हा मातीत रोवलेली मादी उभ्या उभ्या वाळली होती, ती दोन फळं फांदीवरच सुरकुतलेली. त्यानं एक तोडलं, चावलं.

"यही है?"

"नाही रे. पकने के बाद..."

"पकने कौन देगा?" तो म्हणाला. थुंकला. मग म्हणाला, "अपना दूल्हा ले जा."

घर पडेल भावात विकून तो गंगानगरला लेकीकडं गेला. ट्रकात बसताना काहीतरी हसवावं म्हणून मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

नर माझ्या दारात आहे. गावचे म्हणतात, तोड, एकटा काय कामाचा? तोडवत नाही. दर साली थंडी सरली की झुबके झुबके फुलतो मेला. मग फुलं गळतात आणि मी झाडून काढतो.