भोंग्यातला पाहुणा

फिटरच्या घरात दोन मांजरं होती आणि दोघांची कामं ठरलेली होती. मादीला सगळे ठाणेदारीण म्हणत. ती रोज गस्तीला जाऊन कुणाला ना कुणाला पकडून आणायची. बोक्याचं नाव जावई. तो पलंगावर बसून आणलेला माल बघायचा, नापसंतीने मिशा हलवायचा आणि कूस बदलून झोपायचा.

ठाणेदारीण शिकार मारत नसे, हीच सगळी अडचण होती. मेलेला उंदीर केरसुणीने लोटता येतो. जिवंत उंदराला लोटून बघावं एकदा. तिचं म्हणणं सरळ होतं. या घरातली माणसं थोराड झाली तरी त्यांना साधा उंदीर धरता येत नाही, तेव्हा शिकवणं आपल्यावर आलं. म्हणून ती माल अलगद आणायची, ओरखडासुद्धा न काढता, खोलीच्या मधोमध सोडायची आणि शेपटी पायांभोवती घेऊन धडा कधी सुरू होतो ते बघत बसायची. उंदीर, बेडूक, चिमण्या, खारी हे रोजचं. एकदा तिने कुणाच्या तरी हौदातला मासा आणला. तो इतका ताजा होता, की बादलीत टाकल्याबरोबर वर येऊन खायला मागू लागला. आणि एकदा मागच्या गल्लीतली कोंबडी आणली, तीही तोंडात धरून नव्हे. कोंबडी मान खाली घालून पुढे चालत होती आणि ठाणेदारीण दोन पावलं मागे.

तोंडात काही असलं की तिचा आवाज वेगळा यायचा, उशीत तोंड खुपसून हाक मारावी तसा. तो ऐकला की फिटरची बायको हातातलं काम टाकून म्हणायची, "अहो, दार लावा, आली वरात." फिटर दार लावायचा, ती ठाणेदारणीला उचलून न्हाणीघरात कोंडायची, आणि मग दोघंही श्वास रोखून उभी राहायची. पुढचं काम गमबुटांचं. फिटर शहराच्या पंपघरात नोकरीला होता आणि तिथले जुने गमबूट त्याने प्रत्येक खोलीत भिंतीच्या कडेला आडवे घालून ठेवले होते. घाबरलेला जीव भिंतीच्या कडेने पळतो आणि अंधारं भोक दिसलं की आत घुसतो, ही त्याने स्वतः काढलेली विद्या. मग बूट उभा करायचा, परसातल्या झाडाखाली न्यायचा आणि उपडा करायचा. नवा माणूस घरी आला की विचारायचा, "वहिनी, हे सगळे बूट डाव्या पायाचे कसे?"

"उजवे आतल्या खोलीत आहेत," बायको सांगायची आणि पाणी आणायला जायची.

तर असं हे घर. पण फिटरचा जीव अडकला होता तो भोंग्यात. गावच्या बँडमध्ये तो ट्युबा वाजवायचा. बँडवाले त्याला भोंगाच म्हणत. पितळेच्या नळीची वेटोळी मांडीवर, आणि डोक्याच्या वर आभाळाकडे उघडलेलं घमेल्याएवढं तोंड. पंपघरात दिवसभर मोटारींचा असा गडगडाट असायचा, की माणसाला आपलं स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे. भोंगा ओठाला लावला की फिटरला वाटायचं, हा आवाज मात्र आपला. आणि आपला आहे म्हटल्यावर तो हातचं राखून कशाला काढायचा? तो असा फुंकायचा, की पुढच्या रांगेतल्या क्लॅरिनेटवाल्यांचे केस पुढे यायचे.

बँडमास्तरांचं औषधांचं दुकान होतं. आयुष्यभर चिमटीने पुड्या बांधलेला माणूस. त्यांना प्रत्येक सूर तेवढाच हवा असायचा. या वर्षी स्पर्धेसाठी त्यांनी जो तुकडा निवडला होता, त्याची सुरुवात भोंग्याच्या मंद सुरांनी होती, मध्ये पावलांच्या तालावरचं जोरकस कूच, आणि शेवटी सगळा बँड थांबल्यावर एकट्या भोंग्याचे चार सूर, विरत जाणारे.

"कापूस," मास्तर तालमीत म्हणायचे. "कापसावर कापूस पडला पाहिजे, फिटर."

फिटर मान डोलवायचा आणि सिमेंटचं पोतं टाकायचा.

शेवटच्या तालमीला मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की बँड गप्प व्हायचा. "फिटर, उद्या त्या चार सुरांत तुम्ही पंप चालू केलात, तर परवापासून भोंगा आमच्या मेहुण्यांकडे. तुम्ही खुर्च्या मांडायला या. खुर्च्यांना कितीही आवाज चालतो."

मेहुणे विमा एजंट होते आणि बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखं वाद्य, वाजवायचे. त्यांनी लगेच भोंग्याकडे अशा हावऱ्या नजरेने पाहिलं, की तसं नवरदेवाने मुलीच्या बापाच्या घराकडेही पाहू नये.

फिटर त्या दिवशी जेवला नाही. बायकोने विचारलं, "पोट बिघडलंय का?" तो म्हणाला, "मला हळू फुंकताच येत नाही गं. फुंकायला गेलो की आत कोणीतरी झडप उघडतं." तिने पाठीवरून हात फिरवला.

स्पर्धेच्या दिवशी, ऐन निघायच्या वेळी, फिटर आंघोळीला गेला असताना ठाणेदारणीचा तो उशीतला आवाज आला.

बायको बाहेर आली तर खोलीच्या मधोमध पिंगळा. मुठीएवढं घुबड, अंगभर ठिपके, डोळे दोन पिवळ्या बटणांसारखे. ढोलीत दिवसा झोपलेला जीव ठाणेदारणीने उचलून आणला होता, आणि त्याचा अपमान त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तो भिंतीच्या कडेने फडफडत गमबुटाकडे गेला, आत डोकावला आणि मागे आला. वासामुळे असेल. पंख पसरून कपाटावर जायच्या बेतात होता. आता याला मोठा बूट कुठून आणायचा? पलंगावर भोंगा होता, चकचकीत पुसून ठेवलेला. बायकोने क्षणभरच विचार केला, तोही पुरता नाही. तिने भोंगा उचलून भिंतीला आडवा लावला. पिंगळ्याने ते काळंभोर, गोल, सुरेख भोक पाहिलं, आणि आपल्यासाठीच कुणीतरी घर बांधून ठेवलंय अशा थाटात चालत आत गेला. आत वळला, पिसं फुगवली, डोळे मिटले.

ठाणेदारीण मात्र अजून तिथेच होती. ती भोंग्यात पंजा घालू पाहत होती. बायकोने तिला उचललं, स्वयंपाकघरात नेलं, तर तिने पडद्याला नखं लावली. ती सोडवता सोडवता बाहेर बँडच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. फिटर आंघोळीहून घाईघाईत आला, भोंगा जमिनीवर का आहे हे विचारायलाही थांबला नाही, वरून पिशवी चढवली आणि पळाला. पिंगळ्याला वजन ते कितीसं.

बायको बाहेर आली तेव्हा भिंतीपाशी जावई बसला होता आणि भोंगा नव्हता.

ती जशी होती तशी धावली. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात दाराजवळ सापडलेला गमबूट. सभागृहाच्या मागच्या दाराने ती विंगेत शिरली तेव्हा बँड मंचावर बसलेला होता आणि पडदा वर जायच्या तयारीत होता. फिटर कडेच्या खुर्चीवर, भोंगा मांडीवर, चेहरा पांढराफटक.

"अहो," ती विंगेतून कुजबुजली.

"तू इथे काय करतेयस? आणि पायात काय घातलंयस?"

"ते राहू द्या. भोंग्यात पिंगळा आहे."

"काय आहे?"

"घुबड हो, छोटं. ठाणेदारणीने आणलेलं. गमबुटात जाईना, म्हणून मी..."

फिटरने तिच्याकडे पाहिलं, मग मान वर करून भोंग्याच्या तोंडाकडे पाहिलं. आतून पिसांची हलकी खसखस आली. शेजारी मोठा ढोल घेऊन बसलेला बेकरीवाला वाकला, उठून वर डोकावला आणि परत बसला. "आहे," तो म्हणाला. "झोपलाय. माझ्यावर चिडू नका, मी फक्त बघितलं."

"मग उपडा करा ना," बायको म्हणाली.

"आता? पडदा उघडतोच आहे. उघडल्यावर जो उठेल, त्याचा बँड बाद. आणि इथेच उपडा केला, तर परीक्षकांच्या पुढ्यात घुबड पडेल."

"मग हळू फुंका."

"अगं, तेच तर मला..."

पडदा वर गेला. मास्तरांनी काठी उचलली.

फिटरने भोंगा ओठाला लावला. नेहमीसारखी छाती भरली, आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे आतला तो मुठीएवढा गोळा आला. नेहमीसारखं फुंकलं तर त्याची हाडं कशी राहतील? त्याने श्वास तसाच धरला आणि ओठांच्या फटीतून थोडा, अगदी थोडा सोडला, झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडावरची माशी उडवावी तेवढा.

भोंग्यातून असा आवाज आला, की खुद्द फिटरने शेजारी पाहिलं, हे कोण वाजवतंय म्हणून.

मास्तरांची काठी हवेत जराशी डगमगली. त्यांनी भुवया उंचावल्या, कान पुढे केला. सूर आला, पसरला, दुसरा त्याच्यावर येऊन टेकला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी खिशातून गोळी काढली होती, ती कागदाच्या आवाजाला घाबरून परत ठेवली. फिटरच्या बोटांना पितळेतून एक बारीक थरथर लागत होती. जीव होता तो, शांत होता, आणि तो शांत राहावा एवढंच आता फिटरला हवं होतं. मास्तर, मेहुणे, खुर्च्या, सगळं डोक्यातून गेलं.

मग कूच सुरू झालं आणि बेकरीवाल्याने ढोलावर पहिला ठोका दिला. त्याचा नाइलाज होता, कूच म्हणजे कूच.

भोंग्याच्या काठावर आधी दोन पिवळी बटणं आली, मग सबंध पिंगळा. तो काठावर बसला. त्याने मान गरागरा फिरवून सगळा बँड पाहिला आणि शेवटी मास्तरांवर नजर रोखली. मास्तरांनी बघितलं. काठी थांबली. मग पिंगळ्याने पंख उघडले आणि सभागृहावरून एक मोठी फेरी घेतली, परीक्षकांच्या डोक्यांवरून इतक्या खालून, की मधल्या बाईंचा अंबाडा सुटला.

प्रेक्षक उभे राहिले. क्लॅरिनेट थांबले. मेहुण्यांचं कॉर्नेट तर एक विचित्र किंकाळी मारून बंद पडलं. बेकरीवाल्याचा हात वरच राहिला. बँड बुडाला म्हणायचा.

पण फिटर थांबला नाही. पंपघरात काहीही झालं, दिवे गेले, पट्टा तुटला, साहेब आले, तरी पाणी थांबवायचं नसतं, हे त्याच्या हाडात होतं. बाजूला सगळं कोसळत असताना त्याचा भोंगा खालून एकटाच चालत राहिला, पाऊल न चुकता. धम, धम, धम, धम. बेकरीवाल्याने त्याच्याकडे बघितलं आणि हात खाली आणला. ठोका बरोबर पडला. मग क्लॅरिनेट सापडले, मग ट्रॉम्बोन, सगळ्यात शेवटी लाजत लाजत कॉर्नेट. मास्तरांनी काठी परत उचलली, पण त्या क्षणी मास्तर बँडच्या मागून चालत होते हे सगळ्यांनी पाहिलं. पिंगळा उघड्या खिडकीतून निघून गेला. लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

कूच संपलं. बँड थांबला. उरले चार सूर.

आता भोंगा रिकामा होता. आत जपायला कुणी नव्हतं. फिटरला आपल्या छातीतली झडप कळत होती, नेहमीची, उघडायला आतुर झालेली. समोर मास्तरांचा चेहरा, बाजूला मेहुण्यांचा, विंगेत गमबूट घातलेली बायको, दोन्ही हात तोंडावर धरून. फिटरने डोळे मिटले. रिकाम्या भोंग्यात त्याने मनाने कुणालातरी झोपवलं. आणि फुंकलं.

पहिला सूर आला. दुसरा त्याच्यावर टेकला. तिसऱ्याला पंख्याची पाती फिरताना ऐकू येऊ लागली. चौथा कधी संपला ते कुणालाच सांगता आलं नाही, परीक्षक बाई तर बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "झालं का?"

झालं होतं. पहिलं बक्षीस जाहीर करताना परीक्षक म्हणाले की पक्ष्याचा उपयोग धाडसी होता, पण बक्षीस त्या चार सुरांना. मास्तर आपल्या चौथऱ्यावरून खाली उतरले. जन्मात काठीपलीकडे काही न उचललेल्या त्या माणसाने फिटरच्या मांडीवरचा भोंगा स्वतः उचलून खांद्यावर घेतला.

"मास्तर, द्या, मी घेतो," फिटर म्हणाला.

"राहू द्या. हे कसं जमलं तेवढं सांगा."

"आत कोणीतरी आहे असं समजून वाजवलं."

मास्तरांनी खांद्यावरच्या भोंग्यात एकदा डोकावून पाहिलं. मग मेहुण्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? तुमच्या कॉर्नेटमध्येही कोणीतरी बसवा. पक्षी नसेल तर निदान विमाधारक. भोंगा फिटरचाच."

टेम्पो कुणाला नकोच होता. सगळा बँड चालतच निघाला. दुकानदार पायऱ्यांवर आले, गॅलऱ्यांत माणसं दाटली. न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक बाहेर आलं आणि त्याच्या मागोमाग वस्तरा घेतलेला न्हावी. चौकात मास्तर थांबले, भोंगा खाली उतरवला आणि फिटरच्या हातात दिला.

"आता मोकळा सोडा," ते म्हणाले.

"किती?"

"असेल तेवढा."

फिटरने बायकोकडे पाहिलं. तिने कानांवर हात ठेवले आणि हसली. त्याने पाय रोवले, बरगड्या फुगवल्या, मघापासून धरून ठेवलेली ती झडप पुरती उघडली आणि फुंकलं. गॅलऱ्यांत वाळत घातलेले शर्ट एका दिशेला उभे राहिले. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस उडून दुसऱ्या गालावर गेला. टोपीवाल्याच्या दुकानातल्या टोप्या रस्ता ओलांडून समोरच्या चपलांच्या दुकानात गेल्या, आणि चपलावाल्याने त्या हसत हसत परत केल्या. कुणी खिडकी लावली नाही. आवाज चौकातून चारही रस्त्यांनी गेला, आणि सूर लागलेलाच आहे तोवर मेहुण्यांनी कॉर्नेट काखेत मारून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.