भट्टीच्या फाटकातल्या खापऱ्या

ओटमारने गेरलिंडेला सहा वेळा मागणी घातली आणि सहाही वेळा ती नाही म्हणाली. तो आमच्या चिनी मातीच्या कारखान्यात भट्टी सांभाळायचा, ती बश्यांवर निळी फुलं काढायची आणि मी तिच्या शेजारी बसून कडेची सोनेरी रेघ ओढायचे. त्यामुळे सगळे नकार मी या कानांनी ऐकलेत.

एकशे दहा वर्षं चालून कारखाना बंद पडला. धुराडी पाडली, रंगवायची दालनं पाडली. उरली ती तीन मजली गोल भट्टी आणि फाटकाजवळची पहारेकऱ्याची खोली. तिथे गेरलिंडे राहते; तिचं दार फाटकातच उघडतं आणि भट्टीकडे जायला वाट तेवढीच. आता भट्टीच्या जागी गाड्या उभ्या करायच्या होत्या म्हणे! गुरुवारी बुलडोझर येणार होता. पाडकामाचा परवाना शनिवारी संपत होता आणि भट्टी राखायची की नाही हे ठरवायला जुन्या वास्तूंची समिती सोमवारी बसायची होती.

बुधवारी सकाळीच गेरलिंडे ओटमारच्या दारात.

"लग्न करतोस का?"

"कोणाशी?" बिचारा घाबरलाच.

"माझ्याशी, मेल्या! मंगळवारी. भांडी मात्र आज फुटली पाहिजेत."

लग्नाआधी नवरीच्या दारात भांडी फोडायची आणि खापऱ्या नवरानवरीनेच झाडायच्या, दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आमच्या गावात प्रत्येकाच्या तळघरात कारखान्याचा डागी माल पडलेला. संध्याकाळी अख्खं गाव लोटलं. बेकरीवाला आरसा घेऊन आला, त्याला हाकललं. काच फोडणं अशुभ. मी सासूबाईंचं सूप वाढायचं भांडं नेलं. चाळीस वर्षं ते फोडायचं माझ्या मनात होतं. फाटकात कमरेएवढा ढीग झाला.

गुरुवारी बुलडोझर त्या ढिगापाशीच थांबला. मुकादम क्रेचमर खाली उतरला.

"आजोबा, उचला हे."

"उचलतोय की," म्हणत ओटमारने एक खापरी उचलली, पुसली, उन्हात धरली. "गेरलिंडे, हे बघ, तुझं फूल. एक पाकळी कमी."

"तुझ्या भट्टीने खाल्ली असेल!"

अशी एकेका खापरीवर पंधरा मिनिटं.

"माझी माणसं दोन तासांत साफ करतील," क्रेचमर वैतागला.

"करू देत की," मी म्हटलं. "तुझ्या लग्नात कोणी झाडलं होतं रे?"

"आम्ही दोघांनी," तो पुटपुटला. मग त्याने साहेबांना फोन लावला, शिव्या खाल्ल्या आणि माझ्याकडचा केक खात बसला.

शनिवार मावळला तेव्हा निम्मा ढीग तसाच होता. परवाना संपला. सोमवारी समितीने भट्टीला हात लावायला बंदी केली.

निरोप आला तेव्हा ओटमारने झाडू भिंतीला टेकवला. "वाचली आपली भट्टी," तो म्हणाला. "आता तुला लग्नाची गरज नाही. मी लग्न नोंदणीच्या कचेरीत जाऊन सांगतो." त्याचा चेहरा बघवेना. रडूच आलं मला.

गेरलिंडेने झाडू उचलून त्याच्या हातात कोंबला.

"आणि हा राहिलेला ढीग काय मी एकटीने झाडू?"