पहिला घाणा घरचा

मी कढई बोलतेय. लोखंडाची, दोन कानांची, झरीच्या शिवकन्याची. आवाज माझा खणखणीत, पण आज तोंड वर करायची हिंमत नाही. म्हणून पालथी पडूनच सांगते.

पोखर्णीच्या जत्रेत मला पार्वतीबाईंनी, शिवकन्याच्या सासूबाईंनी घेतलं. बोटाच्या पेरानं वाजवून म्हणाल्या, "आवाज खरा हाय. ही टिकंल." तेव्हा चढलेला गर्व पुढं उतरलाच नाही. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. तेलाचा वास, पिठाचा स्वभाव, माणसाच्या हाताची थरथर, सगळं माझं मी शिकले.

पार्वतीबाईंचा एक नेम होता. दिवाळीचं तळण सुरू करताना मला हळदकुंकू, आणि पहिला घाणा घरच्या पितळी डब्यात. "आधी घर, मग गाव," म्हणायच्या. त्या गेल्या. शिवकन्यानं तळणाचाच धंदा मांडला आणि माझा फराळ परभणी-पूर्ण्यापर्यंत जाऊ लागला. बघा, अजूनही 'माझा'च म्हणतेय. खोड जात नाही.

यंदा दसऱ्यापासूनच फोन वाजायला लागला. शिवकन्या सगळ्यांना एकच सांगायची, "देते की!" शेजारच्या नर्मदाबाई कुंपणावरून ओरडल्या, "अगं, दोन बाया तरी घे हाताखाली! माणूस हायस का भट्टी?"

"काकू, माझ्या हातची चव त्या बाया कुठून आणत्याल?"

हे ऐकून मी फुगले. चव तिच्या हाताची की माझी, एवढाच काय तो माझा वाद होता.

मग जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं. पाय सुजले. एका दुपारी उभ्या उभ्याच डुलकी लागली नि तिचं मनगट माझ्या काठाला टेकलं. चर्र झालं. तिनं तो हात बादलीत बुडवला आणि दुसऱ्या हातानं झारा धरला. मी तशीच तापत राहिले.

त्याहून मोठी लाज पुढंच आहे.

तिची लेक अर्पिता लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला पूर्ण्याहून येणार होती. तिच्यासाठी पहिल्या घाण्याचे शंकरपाळे पितळी डब्यात भरून देवघरात ठेवले होते. नेमके त्याच सकाळी जुने गिऱ्हाईक आबासाहेब दारात उभे. त्यांनी फोनवर सांगितलेले शंकरपाळे शिवकन्या थकव्यात साफ विसरली होती.

"ताई, घरी पाहुणे बसलेत. तुमच्या भरवशावर राहिलो आमी."

शिवकन्या देवघराकडं गेली. डबा उतरवला. "घरचं काय, दुपारी तळीन," असं पुटपुटत सगळा पिशवीत ओतला.

"शब्दाच्या लय पक्क्या तुमी!" आबासाहेब म्हणाले.

आणि मी निर्लज्ज, खूश झाले!

दुपारी ती भिंतीला टेकली, ती तशीच झोपली. अर्पिता आली. झोपलेल्या आईला उठवायला तिचं मन धजेना. नवऱ्याला काहीतरी द्यावं म्हणून डबा उघडला, तर तळाला नुसता चुरा. तिनं झाकण परत लावलं. जावई महारुद्र दुकानातून चिवड्याचा पुडा घेऊन आला. तो फोडल्याच्या आवाजानं शिवकन्या जागी झाली. साऱ्या गावाला फराळ पुरवणारीच्या घरात जावई विकतचा चिवडा खात होता.

"माय, हाताला काय झालं गं?" अर्पितानं विचारलं.

शिवकन्यानं मनगटावर पदर ओढला. "गावाला एकदा बी न्हाई म्हणलं न्हाई, अर्पे. तुला मातर म्हणले."

लेकीनं डोळे पुसले. मला हळदकुंकू लावलं. "सरक. पीठ कुठं हाय?"

तेवढ्यात फोन वाजला. अर्पितानं हात पुढं केला, पण शिवकन्या म्हणाली, "दे इकडं." मग अडखळत, नवी भाषा शिकल्यासारखं बोलली, "दादा, भट्टी बंद हाय. न्हाई. न्हाई म्हणले ना."

त्या दिवशी मी एकच घाणा तळला. गोरा, खुसखुशीत. पण मिरवले नाही.

बायांनो, माझ्यासारखीच्या भरवशावर धंदा करू नका. लोखंडाला तापणं कळतं, थकणं कळत नाही. तुम्हाला कळतं, मग बसत का नाही?

शिवकन्ये, तुझ्या मनगटाचा डाग माझ्या काठानं दिलाय. पुढच्या वर्षी मला भट्टीवर चढवशील, तेव्हा हे दोन्ही कान चांगले पिळून धर. आणि पहिला घाणा निघाला की डब्याचं झाकण घट्ट लाव. साक्षात गाव दारात आलं तरी उघडू नकोस.